इमारत बसली, क्लेम बसेना

आपल्याकडची नेहमीची फायर पॉलिसी कधीतरी निवांत वाचून काढा. नाव आगीचं, पण आत संसार मोठा आहे. वीज पडली, स्फोट झाला, दंगल झाली, वरून विमान कोसळलं, वादळ आलं, पूर आला, दरड आली, पाण्याची टाकी फुटली, वणवा लागला, तर भरपाई आहे. भिंतीला बैल धडकला तरी आहे, फक्त तो बैल तुमचा स्वतःचा नसावा. क्षेपणास्त्राच्या चाचणीत नुकसान झालं तरी आहे. इतका लांबचा विचार करून ठेवलेल्या यादीत एकच गोष्ट राहून गेली. इमारत आपली आपण पडली तर काय?

आणि आपल्या सार्वजनिक इमारती तर नेमक्या अशाच पडतात. त्या क्षेपणास्त्राची वाट बघत नाहीत की परक्या बैलाला तसदी देत नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये लागोपाठ तीन दिवसांत तीन विमानतळांच्या दारातली छतं खाली आली. २७ तारखेला जबलपूर, २८ ला दिल्ली, २९ ला राजकोट. दिल्लीत एक टॅक्सीचालक गाडीतच चिरडून मेला. तिन्ही ठिकाणी एकच आरोपी पकडला गेला, तो म्हणजे पाऊस. जून महिन्यात पाऊस येईल हे कोणाला ठाऊक असणार!

अशा वेळी पडण्याचं कारण शोधावं लागतं. ढिगाऱ्यात नंतर, पॉलिसीत आधी.

हे कसं चालतं ते बघायला फार लांब जायला नको. समजा, एका तालुक्याच्या गावात शंभरीला टेकलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. ऑगस्टमध्ये त्याची मागची भिंत पडली. सुदैवाने रात्री पडली, त्यामुळे जखमी झाल्या त्या फक्त कादंबऱ्या. कार्यवाहांनी पॉलिसीची फाइल शोधून काढली. कंपनीने सर्व्हेअर पाठवला. मोठ्या रकमेचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय पुढे सरकत नाही, तशी कायद्यातच सोय आहे. साहेब गाडीतून उतरले, चहाला नको म्हणाले (हे पहिलं वाईट लक्षण) आणि टेप घेऊन मागे गेले.

“पाऊस फार झाला हो सर. सलग चार दिवस.”

“पाऊस पॉलिसीत नाही. वादळ आहे, पूर आहे. आत पाणी किती चढलं होतं?”

“चढलं नाही. वरून गळत होतं.”

“कधीपासून गळतंय?”

इथे कार्यवाह गप्प झाले. आज म्हणावं तर खोटं, दहा वर्षं म्हणावं तर महाग.

“हवामान खात्याचा दाखला आणा. त्या दिवशी वाऱ्याचा वेग किती होता, पाऊस किती मिलिमीटर.” एवढं बोलून साहेब उभ्या राहिलेल्या भिंतीकडे वळले. तिच्यावर एक तिरपा तडा होता आणि तड्यावर दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवलेली काचेची पट्टी. पट्टीखाली पेन्सिलीने तारीख. “ही काच कोणी लावली?”

“अध्यक्षांचे मेहुणे इंजिनिअर आहेत ना, त्यांनी. तडा वाढतोय का बघायला. भिंत सरकली की काच तडकते.”

“मग तडकली?”

“लगेच! दोन वर्षं झाली असतील.” कार्यवाहांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. संस्था जुनी असली तरी कारभार शास्त्रीय पद्धतीने चालतो, हे साहेबांना कळायला हवं होतं.

साहेबांनी काचेचा फोटो काढला. जवळून एक, तारखेसकट एक. वाचनालयाचा क्लेम त्या दुसऱ्या फोटोत वारला.

म्हणजे बघा, तड्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं तर “आम्हाला काही कल्पनाच नव्हती हो” असं म्हणायला तरी जागा होती. काच लावली म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक होतं तर कंपनीला कळवलं का नाही? कळवलं असतं तर पॉलिसी मिळाली असती का? आणि ठाऊक असून दुरुस्ती केली नाही म्हणजे मालमत्तेची वाजवी काळजी घेण्याची अट मोडली. अमेरिकेतल्या पॉलिसींत तर हे लाजलज्जा सोडून छापलेलं असतं. लपलेल्या कुजण्यामुळे इमारत कोसळली तर भरपाई मिळेल, मात्र ते कुजणं विमेदाराला आधी माहीत असता कामा नये. अज्ञानाला एवढा रोख मोबदला देणारा दुसरा करार मला तरी माहीत नाही. मुंबईत पालिका ज्या इमारतींना ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरवून ३५४ ची नोटीस चिकटवते, तिथे तर प्रश्नच मिटला. ती नोटीस रहिवाशांना घाबरवण्यासाठी असते असा समज आहे. रहिवासी काही घाबरत नाहीत, ती वाचून खूश होतो तो क्लेम विभाग.

स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे तरी काय, मोठ्या आकाराची काचपट्टीच. मुंबईत सीएसएमटी स्थानकाबाहेरचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला ऐन गर्दीच्या वेळी पडला. त्याचं ऑडिट झालेलं होतं. पूल ठीक आहे, किरकोळ दुरुस्ती करा, असा शेरा होता. किरकोळ दुरुस्तीवर असलेला पूल पडला आणि ऑडिटर गजाआड गेला. तेव्हापासून ऑडिट करणारे ‘ठीक आहे’ असं लिहायला घाबरतात आणि करून घेणारे ‘ठीक नाही’ असं वाचायला.

पॉलिसीत कारण सापडलं नाही, की एक शेवटची हाक उरते. देव.

२०१६ मध्ये कोलकात्यात विवेकानंद रोडचा बांधकामाधीन उड्डाणपूल पडला, तेव्हा कंत्राटदार कंपनीचा अधिकारी म्हणाला, देवाची करणी. २०२२ मध्ये मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसं गेली, तेव्हा देखभाल करणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकाने कोर्टात तीच ओळ म्हटली, भगवंताची इच्छा. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर आडवं झालं आणि १७ जण मेले. परवानगी मिळते ती जास्तीत जास्त ४० बाय ४० ची. होर्डिंगवाल्याच्या वतीने हायकोर्टात सांगितलं गेलं की ही ‘ॲक्ट ऑफ गॉड’ होती. देवाने एवढी मोठी पाटी उभारायला परवानगी कधी दिली होती, हे त्या अर्जात नसावं.

विम्यात देवाचं स्थान मात्र पक्कं आहे. मोठ्या मालमत्तांच्या नेहमीच्या पॉलिसीत वीज, वादळ, पूर, दरड या सगळ्यांना मिळून ‘ॲक्ट ऑफ गॉड पेरिल्स’ म्हणतात, क्लेमवाले त्याला ‘एओजी’ म्हणून मोकळे होतात. अशा प्रत्येक दाव्यात पहिले पाच टक्के, निदान दहा हजार रुपये, तुम्ही स्वतः सोसायचे असतात. म्हणजे करणी देवाची असली तरी पाच टक्के भागीदारी तुमची. देवस्थानच्या ट्रस्टलाही यातून सूट नाही, हे विशेष.

आता मालवण. राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. पुतळा म्हणजे इमारत नव्हे, असं कोणी म्हणेल. पण पडण्याच्या बाबतीत सार्वजनिक बांधकामं अशी जातपात पाळत नाहीत. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी कारण सांगितलं. वारा, ताशी ४५ किलोमीटर.

वाऱ्याचा जोर सांगणारी बोफर्टची एक जुनी मोजपट्टी आहे. जगभरचे खलाशी ती वापरतात. तिच्यावर ताशी ४५ किलोमीटरचा वारा सहाव्या पायरीवर येतो. त्या पायरीची जमिनीवरची खूण अशी दिली आहे की झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणं कठीण जातं. छत्री. वादळ हा शब्द त्या पट्टीवर दहाव्या पायरीला येतो, ताशी ८९ किलोमीटरच्या पुढे. आपल्याच भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार, बांधकाम करताना मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर वाऱ्याचा हिशेब धरायचा असतो. तासाच्या भाषेत १५८ आणि १४० किलोमीटर. मालवण या दोन गावांच्या मधल्याच किनाऱ्यावर आहे. निदान तो किनारा अजून तरी खचून दुसरीकडे गेलेला नाही.

मग ४५ चा आकडा छातीठोकपणे सांगायचं कारण काय? राजकारण्यांना पॉलिसीची भाषा उपजतच येते, दुसरं काय. नंतर चौकशी समितीच्या अहवालातून गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशी कारणं पुढे आल्याच्या बातम्या आल्या. वारा धरून ही चार कारणं नेहमीच्या पॉलिसीसमोर ठेवून बघा. गंज म्हणजे हळूहळू होणारी झीज, वगळलेली. सांगाडा कमकुवत म्हणजे आराखड्यातला दोष, वगळलेला. वेल्डिंग म्हणजे कामातला दोष, तोही वगळलेला. चारांत पैसे मिळवून देणारं कारण एकच, वारा. आणि खरं नसण्याचा संभव सर्वांत जास्त त्याच एका कारणाचा. विम्याचा हप्ता कोणी भरलेला असो वा नसो, आपल्याकडे बोलायची सवय अशी पडली आहे की जणू दावा उद्या दाखल व्हायचाय.

वाऱ्याच्या जागी बर्फ ठेवला की आपण अमेरिकेत पोचतो. तेही हार्टफर्ड शहरात. ट्रॅव्हलर्स, एटना, द हार्टफर्ड अशा बड्या विमा कंपन्यांचं हे माहेर. लोक त्याला जगाची विमा राजधानी म्हणायचे. तिथे नगराने एक भव्य क्रीडागार बांधलं, हार्टफर्ड सिव्हिक सेंटर. छताची पोलादी जाळी सुमारे ३०० बाय ३६० फुटांची, वजन चौदाशे टन. अभियंत्यांनी सांगितलं होतं की नव्या संगणकाच्या मदतीने आराखडा केला तर पाच लाख डॉलर वाचतील. १९७० चं दशक सुरू झालेलं. संगणक म्हणाला म्हणजे विषय संपला.

जाळी जमिनीवर जोडून मग वर उचलली. तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं की ती संगणकाने सांगितलं त्याच्या जवळपास दुप्पट वाकते आहे. अभियंते म्हणाले, हिशेब आणि वास्तव यांत एवढा फरक पडायचाच. पुढे छताच्या कडेला दर्शनी पट्ट्या बसवायला दुसरा कंत्राटदार आला. त्याच्या पट्ट्यांची भोकं छताच्या भोकांशी जुळेनात, कारण छत असायला हवं होतं तिथे नव्हतंच. त्याने वर कळवलं. उत्तर आलं, तुझं तू बघ, उशीर झाला तर जबाबदारी तुझी. मग त्याने काय केलं? काही तुकडे कापले, काही नव्याने घडवले आणि वाकलेल्या छताला शोभतील अशा वाकड्या पट्ट्या बसवून बिल लावलं. ही गोष्ट वाचताना मला अमेरिका एकदम आपल्या जिल्हा परिषदेइतकी जवळची वाटली. एका सामान्य नागरिकानेही छत खाली झुकलेलं दिसतंय म्हणून तक्रार केली होती. त्यालाही सांगण्यात आलं की सगळं ठीक आहे.

१८ जानेवारी १९७८. आदल्या रात्री बास्केटबॉलचा सामना झाला, जवळपास पाच हजार माणसं होती. ती घरी गेली. बाहेर बर्फ पडत होता. पहाटे सव्वाचारच्या सुमाराला चौदाशे टनांचं छत रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसलं. एकाला खरचटलंही नाही.

सगळ्यांच्या तोंडी पहिला आरोपी अर्थात बर्फ. पण हे शहर विमेवाल्यांचं. बर्फावर कोण विश्वास ठेवणार? नगराने नेमलेल्या समितीने लेव्ह झेटलिन यांच्या कंपनीला चौकशीला बोलावलं. त्यांचा निष्कर्ष असा, की दाब सोसणाऱ्या वरच्या दांड्यांना हवे तिथे आडवे आधारच नव्हते आणि छत उभारल्या दिवसापासून हळूहळू मोडत होतं. त्या रात्रीच्या बर्फाने फक्त शेवटची सही केली. दुसऱ्या एका कंपनीने अभ्यास करून सांगितलं की दांड्या पिळल्या जाऊन मोडल्या. तिसरे आले हान्सकार्ल बांडेल, सेंट लुईसच्या प्रसिद्ध कमानीमागचे अभियंते. त्यांना आर्किटेक्टच्या विमा कंपनीने नेमलं होतं. त्यांच्या मते दोष एका वेल्डिंगचा. स्कोअरबोर्ड छताला जोडणारं वेल्डिंग. आराखडा आर्किटेक्टच्या बाजूचा, वेल्डिंग कंत्राटदाराच्या बाजूचं. बांडेलसाहेबांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचं कारण नाही. पण ज्याने फी दिली त्याच्या घरासमोर सहसा खड्डा सापडत नाही, हा अनुभव जुना आहे.

सहाएक वर्षं सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. दोषी कोण हे निकालात कुठे लिहिलं गेलं नाही. मग मिळालं काय? मिळालं हेच, की छत का पडलं यावर तीन तगडे अहवाल झाले आणि अभियांत्रिकीच्या वर्गांत ते आजही शिकवले जातात. दोन वेळा इशारा मिळाला होता, हे बाहेर आलं. भोकं जुळत नव्हती, हेसुद्धा बाहेर आलं. ज्याच्या खिशातून पैसे जाणार असतात तो मनुष्य फार बारकाईने बघतो, एवढीच यातली ग्यानबाची मेख.

विमा कंपनी हा प्राणी मला मुळीच आवडत नाही. पण पैसे द्यायचे नाहीत म्हणून ती जे प्रश्न विचारते, ते आपल्याकडे दुसरं कोणीच विचारत नाही. आणि पैसे द्यावेच लागले तर ती तुमच्या जागी उभी राहून खऱ्या दोषी माणसाकडून वसुली करायला निघते. क्लेमवाले त्याला सब्रोगेशन म्हणतात. विम्याची सगळी सज्जनता या एका कलमात आहे आणि तीसुद्धा स्वार्थापोटी.

हार्टफर्ड ज्या कनेक्टिकट राज्यात आहे, तिथेच पुढे आणखी एक खटला उभा राहिला, घराघरांत. विलिंग्टन गावच्या खाणीतल्या खडीत पायरोटाइट नावाचं खनिज होतं. पाणी आणि हवा लागली की ते फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. १९८३ पासून पुढे बांधलेल्या हजारो घरांचे पाये भुसभुशीत निघाले. टॉलंड गावची बर्च ग्रोव्ह ही सरकारी प्राथमिक शाळाही त्यात सापडली. पोरांना तात्पुरत्या वर्गांत बसवून शाळा नव्याने बांधावी लागली, बहुतेक पैसे राज्याने दिले. घरमालक मात्र विमा कंपन्यांच्या दारात गेले. पॉलिसीत कोसळण्याची भरपाई होती. कंपन्या म्हणाल्या, घर तर उभं आहे, तुम्ही त्यातच राहताय. कोसळलंय कुठे?

यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच एका खटल्यात म्हटलं होतं की घर जमीनदोस्त व्हायलाच हवं असं नाही, बांधणीची ताकद भरीव प्रमाणात गेली तरी पुरे. लोकांना धीर आला. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने खुलासा केला. ताकद गेली म्हणजे घर आत्ता पडेल की मग पडेल अशा अवस्थेत हवं. दरम्यान विमा कंपन्यांनी नव्या पॉलिसींत आणखी चोख भाषा घातलीच होती. इमारत ‘अचानक’ पडली किंवा खचली पाहिजे, तडे आणि फुगवटे चालणार नाहीत. गुण मिळवायचे तर इमारतीने एका झटक्यात पडायचं आणि पडण्याआधी कोणाला संशय येऊ द्यायचा नाही. आपल्या कंत्राटदारांनी बांधलेल्या बऱ्याच वास्तू ही परीक्षा पहिल्या श्रेणीत पास होतील.

पण त्या परीक्षेला बसणारच नाहीत, कारण त्यांचा फॉर्मच भरलेला नसतो. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत जुनं धोरण आहे. सरकारी मालमत्तेचा विमा उतरवायचा नाही, उतरवायचाच तर वित्त मंत्रालयाची आगाऊ संमती घ्या. गणित म्हणून हे चूक नाही. ज्याच्या हजारो इमारती आहेत त्याने सगळ्यांचे हप्ते भरत बसण्यापेक्षा पडेल ती पुन्हा बांधणं स्वस्त. फक्त त्यात काचपट्टीचा फोटो काढणारा साहेब गळून जातो. विमेदार सरकार, सर्व्हेअर सरकार, पंच सरकार आणि पैसे तुमचे.

महाराष्ट्रात तर सरकारचं स्वतःचं विमा संचालनालयच आहे, वांद्र्याला. सार्वजनिक कामांच्या निविदेत अट असते की कंत्राटदाराने चालू कामाचा विमा याच संचालनालयाकडून घ्यावा. नाही घेतला तर हप्ता बिलातून कापून घेतात. (हप्ता या शब्दाने ज्यांच्या मनात भलतंच आलं असेल त्यांच्या माहितीसाठी, मी विम्याच्या हप्त्याबद्दल बोलतोय. त्या दुसऱ्या हप्त्याला निविदेत अट लागत नाही.) आता अशा कंत्राटदाराच्या ऑल रिस्क पॉलिसीत काय असतं? नावात ‘ऑल’ आहे म्हणून सगळं असेल असं वाटतं. सदोष आराखड्यामुळे झालेलं नुकसान सर्वसाधारणपणे वगळलेलं. ज्या जोडाचं वेल्डिंग वाईट तो जोड बदलण्याचा खर्चही वगळलेला. मात्र त्या वाईट जोडामुळे शेजारचं नीट केलेलं काम पडलं तर त्याची भरपाई मिळते. यासाठी कामात काहीतरी नीट केलेलं असावं लागतं, अडचण एवढीच. आणि हा विमा काम चालू असेपर्यंतचा, फार तर त्यानंतरच्या देखभालीच्या मुदतीपुरता. काम हस्तांतरित झालं, दोषदायित्वाची मुदत संपली, सुरक्षा ठेव सुटली की वास्तू जगात एकटी. पुढे ती आणि तिचा देव.

सरकारचा स्वतःचा असा एक विमा मात्र अखंड चालू असतो. त्यात सर्व्हेअर नाही, वगळलेली कारणं नाहीत, हवामान खात्याचा दाखला नाही. घटनास्थळी मंत्री पोचायच्या आत दावा मंजूर. २०१९ ला हिमालय पूल पडला तेव्हा राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर केले. २०२४ ला होर्डिंग पडलं तेव्हाही पाच लाख. पाच वर्षांत सिमेंट महागलं, सळई महागली, निविदा तर विचारूच नका. विमा रक्कम तेवढी जागच्या जागी राहिली. एवढ्या वेगाने क्लेम देणारी कंपनी जगात दुसरी नसेल आणि दिलेल्या पैशांची वसुली करायला कधीही न जाणारीही नसेल. आपले पैसे असे वाटून मोकळं झाल्यावर चौकशी समिती नेमतात. समितीचा अहवाल येतो तेव्हा पुढची इमारत पडलेली असते, म्हणून त्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

मालवणला आता नवा पुतळा उभा आहे, ६० फुटी. या वेळी काम भक्कम आहे असं सांगितलं गेलं आणि असेलही. २०२५ च्या मे महिन्यात त्याचं पूजन झालं. जूनमध्ये पाऊस आला आणि चबुतऱ्याशेजारची जमीन खचली. पुतळ्याला धोका नाही, असा खुलासा लगेच आला. जमीन खचण्याची भरपाई नेहमीच्या फायर पॉलिसीत आहे. फक्त नव्या बांधकामाचं बसणं, समुद्राची धूप, सदोष आराखडा, सदोष काम, सदोष साहित्य आणि भरावाची माती, एवढं सोडून.